टोल्दी घेऊन जाय गे मारबत

शेंदूरजनाघाट,
५ ऑगस्ट २०२५

श्री. शिवमराव यांस,
खुशालरावचा नमस्कार.

मोतीबिंदूचं आपरेशन झालं हाये. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं पोळ्यानंतर. डॉक्टरनं लिवाले-वाचाले बंदी केली. म्हनून मी बोलून राहिलो आन् दामिनी लिहून राहिली. (हो. बाबा जसं बोलतात तसंच लिहिते आहे. — दामिनी)

तुमी म्हनसान, फोन असून हा बुढा चिठ्ठी काहून धाडते? फोनवर सारे पोट्टे "हो काका, बरोबर काका" म्हनतात. कागदावर मानूस उघडा पडते. जवाई निवडाचा असन तं कागदावर निवडावा, असं माझं मत हाये. आन् माझं मत मी बदलत नसतो. (हे खरं आहे. — दा.)

तुमी पोरगी पाहाले आले, शांत बसले, ते मले आवडलं. काय करता म्हनून इचारलं तं म्हनले, कीटकांचं काम करतो. सोयरीक आननारे सूर्यभानमामा बी हेच सांगून राहिले होते. तुमी अकोल्याकडं निंघाले तसं मी दामिनीच्या मायले म्हनलं, "मैनाबाई, इंजिनेर लय पाहिले, सायेब लय पाहिले. किड्याचा जानकार पहिल्यांदा दारात आला." (मला कोणी काही म्हणालं नाही. — दा.)

आता कामाची गोठ. बागेत आंबिया बहाराची संत्री हायेत आन् फळ गळून राहिलं. उचलून पाहिलं तं सुई टोचल्यावानी भोक, भवताल मऊ, मंग सडते. औषधाच्या दुकानदाराले इचारलं का तो नवी बाटली काढते. त्याले किडा दिसत नाई, गिऱ्हाईक दिसते. तुमी सांगा, हा कोनचा किडा? उत्तर बरोबर आलं तं सोयरीक पुढं सरकली समजा.

तुमाले गुळवेलीची फांदी देली होती, ती लावली का? कोरोनात साऱ्या गावाले गुळवेल मी पुरवली. माझ्या बागेचं चारी बाजूचं कुंपन गुळवेलीनं भरलं हाये, लोक पाहाले येतात. काढा पेत जा. रंग फिक्का हाये तुमचा.

आपला,
खुशालराव

⁂

जठारपेठ, अकोला,
११ ऑगस्ट २०२५

आदरणीय खुशालरावकाका,
सादर नमस्कार.

पत्र मिळालं. डोळ्याला जपा. गुळवेल कुंडीत लावली आहे, दोन पानं फुटली.

किड्याचं नाव लगेच सांगून टाकावं असं तुम्हाला वाटत असेल. पण आमच्या कामात नाव शेवटी येतं. मी ज्या शब्दकोशासाठी काम करतो त्यात फुलपाखरू आणि पतंग या दोघांना मिळून एकच मूळ शब्द आहे: टोल्दी. झुरळ, टोळ आणि वाळवी यांना मिळून एक: झालरा. त्यामुळे नुसतं नाव घेऊन भागत नाही. प्रत्येक शब्दापुढे पंगतीसारखे पाट मांडलेले असतात. पहिल्या पाटावर तो प्राणी. दुसऱ्यावर त्याची जात. आणखी बारीक शब्द करायचा तर आणखी पाट. एखाद्या पाटावर कोणी बसलं नाही तरी पाट रिकामा आहे हे दिसत राहतं. त्यासाठी मला विचारावं लागेल:

तो उडत येतो की चालत? दिवसा की दिवेलागणीला? भोक कशानं पाडतो? लहानपणी, म्हणजे अळी असताना, तो काय खात होता? आणि तो कीड आहे, हे कोणाचं म्हणणं आहे?

शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. पण कीड असणं हा कुठल्याच प्राण्याचा गुण नाही. ती कोणाची तरी तक्रार असते. आमच्या कोशात तक्रार लिहायची तर तक्रारदाराचा पाट मांडावा लागतो.

आपला,
शिवम

⁂

शेंदूरजनाघाट,
२४ ऑगस्ट २०२५

शिवमराव,

मानलं तुमाले! दुकानदारानं इतक्या वर्सांत मले एक प्रश्न इचारला नाई, तुमी एका चिठ्ठीत पाच इचारले. खरा डॉक्टर आधी इचारते, मंग बोलते. (शिवमराव, इथं बाबांनी मांडीवर थाप मारली. — दा.)

तक्रारदार मी. खुशालराव. लिवा मोठ्या अक्षरात. पन तुमच्या त्या प्रश्नानं माह्या डोक्यात घर केलं. मांगं आमी संत्र्याच्या भावासाठी रस्ता अडवला होता, तवा एका पुढाऱ्यानं भाषनात आमाले म्हनलं, "ही समाजाले लागलेली कीड हाये." साऱ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. आता वाटते, तवा एक मानूस उभा राहाले पायजे होता. त्यानं इचाराले पायजे होतं, "सायेब, कोनाची कीड? तक्रारदार कोन? नाव सांगा!" नाव सांगा म्हनलं का भल्लेभल्ले खाली बसतात. ज्याले शिवी द्याची त्याच्यावर बोट दाखवनं सोपं हाये, पन शिवी देनाराचं नाव कोनी इचारत नाई. तुमची डिक्शनरी इचारते. लय चांगली डिक्शनरी हाये. दिल्लीची हाये का?

आता उत्तरं. दिवेलागणीले आमी दोघं टार्च घेऊन बागेत गेलो. मले काई दिसलं नाई, दामिनीनं सांगितलं. पतंग हाये. बसला का वाळल्या पानावानी. पंख उघडले का आतून पिवळाजर्द, त्यावर काळा डाग. सोंड फळात खुपसून बसलेला. सोंड अशी का सालीतून आरपार! संत्र्याच्या झाडावर त्याची अळी मात्र एक बी सापडली नाई. तो पाट रिकामा ठेवा.

आन् आयका. परवा पोळा झाला, काल त्याची कर होती. पहाटे पोट्टे मारबतीचं बाहुलं घेऊन शिवेकडं निंघाले, "माशा मुरकुटं घेऊन जाय गे मारबत!" म्हनत. मी ओट्यावरून वरडलो, "टोल्दी घेऊन जाय गे मारबत!" पोट्ट्यायले शब्द आवडला. गल्लीच्या शेवटापर्यंत सारे टोल्दी, टोल्दी! कोपऱ्यावरची माणिकबाई बाहीर येऊन इचारते, "कोन व ही टोल्दी? कोनाची सून?"

आपला,
खुशालराव

(मागच्या बाजूला)

शिवमराव,
बाबांनी सही केली आणि झोपले. हे माझं.

टोल्दी हा शब्द मी मोबाईलवर शोधला. भाषा निघाली लोज्बान. बनवलेली भाषा, तिला ना देश ना गाव. तुम्ही किड्यांचे जाणकार नाही, किड्यांच्या शब्दांचे आहात. तुमच्या बायोडाटात "छंद: कीटकांच्या शब्दांची व्याख्या" असं होतं ना? सूर्यभानमामांनी येता येता त्यातले शब्द गाळले. त्यांचा धंदाच तो आहे. पण तुम्ही का गाळले?

बाबांना मी सांगितलं नाही. तुमची पत्रं मीच वाचून दाखवते. ज्या ओळी त्यांच्यासाठी नाहीत त्या कंसात टाका. वाचताना गिळून टाकीन.

दामिनी

⁂

अकोला,
३० ऑगस्ट २०२५

आदरणीय काका,

तुमचं वर्णन इतकं नेमकं होतं की जात लगेच सापडली. हा फळांचा रस शोषणारा पतंग. दिवेलागणीला येतो, फळ फोडतो, आणि पडलेल्या भोकातून बुरशी शिरते. गळलेली फळं बागेत पडू देऊ नका, वेचून पुरून टाका. संध्याकाळी कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करा.

(दामिनी, हे सगळं मी अकोल्याच्या एका वाचनालयातल्या पुस्तकातून उतरवलं. तुमचा आरोप मान्य. तुमच्या ओट्यावर काकांचा चेहरा असा उजळला की मला पुढचं वाक्य बोलवेना. दिवसभर मी एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम घरी बसून करतो आणि संध्याकाळी लोज्बानमधले कीटकांचे शब्द ठरवतो. कोणी पैसे देत नाही. सांगितलं की लोक हसतात. तुमच्याकडे कोणी हसलं नाही, म्हणून मी ते तसंच राहू दिलं.)

डिक्शनरी दिल्लीची नाही, काका. ती कुठल्याच सरकारची नाही.

राहिला रिकामा पाट. या टोल्दीचं लहानपण संत्र्यावर जातच नाही. ते कुठल्यातरी वेलावर जातं.

(ती वेल म्हणजे गुळवेल. पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे: गुळवेल आणि वसनवेल. तुमच्या बागेच्या चारी बाजूंनी काकांनी या पतंगाचं पाळणाघर लावलं आहे. आता तुम्हीच सांगा, मी हे त्यांना कसं लिहू? ज्या वेलीसाठी गाव त्यांना मान देतं, जिचा काढा त्यांनी मला स्वतःच्या हातानं पाजला! हे लिहिलं की सोयरीक संपली.)

आपला,
शिवम

⁂

शेंदूरजनाघाट,
६ सप्टेंबर २०२५

शिवमराव,

तुमी लिवलं, लहानपण वेलावर जाते. मी तवाच उठलो. घराच्या मांगं मैनाबाईचा दोडक्याचा मांडव हाये. (होता. — दा.) मुळासकट उपटला. कारल्याचा वेल होता, तो बी. शेजारच्या सुभद्रेचा भोपळा कुंपनावरून इकडं आला होता, तेवढा इकडचा कापला. शत्रू घरात ठेवाचा नाई, असं माझं मत हाये.

तवापासून ताटात भाकर आन् ठेचा. भाजी मांगतली तं मैनाबाई म्हनते, "टोल्दीले मांगा." सुभद्रा दारावरून जाताना थुकते. पन मी डगमगलो नाई. इज्ञानासाठी मानसानं इतकं सोसाव!

फक्त एक समजत नाई. वेल गेले, धूर केला, तरी पतंग येऊनच राहिले. कोनचा वेल राहिला? साफ लिवा.

आपला,
खुशालराव

(मागच्या बाजूला)

शिवमराव,

शाबास. तुम्ही "कुठल्यातरी वेलावर" असं लिहिलंत, आणि आईचा मांडव गेला. ती त्यावर रोज हात फिरवायची. सुभद्राकाकू आमच्याकडे ताक मागायला येत नाहीत. अर्धं खरं लिहिलं की दुसऱ्याचा दोडका जातो, हे तुमच्या पुस्तकात नव्हतं का?

मीही कमी नाही, मी त्या ओळी गिळल्या. आता गिळणार नाही.

मी कुंपणावर जाऊन पाहिलं. गुळवेलीच्या पानांखाली अळ्या आहेत. काळपट, अंगावर डोळ्यांसारखे गोल ठिपके, हात लावला की वाकून कमान करतात. काही आणून बरणीत ठेवल्या आहेत, रोज पाला टाकते. आई म्हणते, घरात एक वेडा पुरे होता.

जिचं प्रत्येक वाक्य एकाच तऱ्हेनं लागतं अशी भाषा तुम्ही शिकलात. पण मराठीत बाबांना एक सरळ वाक्य लिहायची हिंमत होत नाही? यापुढे तुमचं पत्र मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचीन. कंसासकट.

दामिनी

⁂

अकोला,
११ सप्टेंबर २०२५

आदरणीय खुशालरावकाका,

या पत्रात एकही कंस नाही.

मी कीटकांचा जाणकार नाही. लोज्बान नावाची एक बनवलेली भाषा आहे, फार थोडे लोक ती बोलतात. तिच्या शब्दकोशासाठी मी कीटकांचे शब्द ठरवतो, हौसेनं. तुम्ही मला जाणकार समजलात हे मला तुमच्या ओट्यावरच कळलं होतं. मी गप्प राहिलो, कारण ही सोयरीक व्हावी असं मला मनापासून वाटत होतं.

तुमच्या पतंगाची अळी दोडक्यावर राहत नाही, कारल्यावर नाही, सुभद्राकाकूंच्या भोपळ्यावर नाही. ती गुळवेलीवर राहते. मला हे ऑगस्टमध्येच कळलं होतं. भीतीपोटी मी अर्धंच लिहिलं. मैनाबाईकाकूंच्या मांडवाचा गुन्हेगार मी आहे. त्यांना माझी माफी सांगा. दामिनींना मी हे कळवलं होतं, पण सांगायचं काम माझं होतं, त्यांचं नव्हतं. राग काढायचा तर माझ्यावर काढा.

मी केलेली व्याख्या अशी आहे: ही टोल्दी, अमुक जातीची, मोठेपणी फळाचा रस शोषणारी, लहानपणी गुळवेल खाणारी, संत्र्याच्या बागवानाच्या दृष्टीनं कीड.

काका, त्या पतंगानं तुमच्याशी दावा मांडलेला नाही. त्याला एका जागी लेकरं वाढवायची आहेत आणि दुसऱ्या जागी जेवायचं आहे. या दोन्ही जागा शेजारी शेजारी कोणी आणल्या, एवढाच प्रश्न आहे. गुळवेल वाईट नाही. ती बागेला खेटून असणं वाईट आहे. दुकानदाराच्या बाटलीवर हा प्रश्न छापलेला नसतो, कारण त्याचं उत्तर मिळालं तर बाटली विकली जाणार नाही. तुम्ही पुढाऱ्याला नाव विचारायला हवं होतं म्हणालात. इथंही नाव विचारलं पाहिजे. ते तुमचं निघालं, तरीही.

सोयरीक मोडली तर मी समजून घेईन.

आपला,
शिवम

⁂

शेंदूरजनाघाट,
५ ऑक्टोबर २०२५

शिवमराव,

हे पत्र माह्या हातचं हाये. दुसऱ्या डोळ्याचं बी झालं, चष्मा लागला. आता कंसात कोनी बोलनार नाई.

तुमची चिठ्ठी दामिनीनं वाचली, मी तिच्या हातातून हिसकली आन् सूर्यभानमामाले फोन लावला. "सोयरीक मोडली," म्हनलं. "पोरगं खोटं निंघालं, आन् तुमी बी." तो म्हने, "भाऊ, मी खोटं नाई बोललो, थोडकं बोललो." फोन आपटला. मंग दामिनीवर वरडलो. "तुले मालूम होतं!" ती म्हने, "होतं. तुमी आयकलं असतं का?" त्यावर मी आनखी वरडलो.

चष्मा आला त्या दिवशी तिनं बरनी माह्या पुढ्यात ठेवली. एका अळीचा पतंग झाला होता. वाळलं पान, आतून पिवळाजर्द. ती म्हने, "बाबा, हा तुमच्या गुळवेलीवर वाढला. मी दुसरं काई खाऊ घातलं नाई." मंग तिनं बागेतल्या संत्र्याची एक फोड आत टाकली. पतंग फिरला, थांबला. सोंड सरळ केली आन् माह्या देखत फोडीत घातली. नव्या डोळ्यानं मी पहिल्यांदा साफ पाहिलं ते हे.

कुंपन साफ केलं. पन गावभर फांद्या मीच वाटल्या होत्या, अर्ध्या लोकायनं बागेच्या धुऱ्यावर लावल्या. आता घरोघर जाऊन सांगून राहिलो, बाप्पा, आंगनातली राहू द्या, बागेजवळची उपटा. लोक हसतात. माणिकबाई म्हने, "भाऊ, पाच वर्सं ते कडू पानी पाजलं, आता म्हनता उपटा? आमच्या तोंडाचं काय?" मी म्हनलं, "तुझी तक्रार बरोबर हाये. तक्रारदार तू, गुन्हेगार मी. लिहून ठेव." ती पदर झटकून घरात गेली. गुन्हेगार आपनहून उभा राहिला का लोकायची मजा जाते, हे मले या वयात समजलं.

मैनाबाईसाठी नवा मांडव माह्या हातानं घातला. सुभद्रेच्या घरी जाऊन आलो, तिनं चहा देला, साखर नाई टाकली.

राग हाये. पन दुकानदारानं मले कधी लिहून धाडलं नाई का माझी बाटली चुकली. तुमी धाडलं, सोयरीक जाईन हे मालूम असून. माह्याकडून हो. मत बदललं. घरात साऱ्यायनं दिनदर्शिकेवर त्या तारखेभवती गोल केला.

आता दामिनी. तिले इचारलं, तं म्हनते, "ज्याले पायजे त्यानं इचाराव."

खुशालराव

⁂

अकोला,
९ ऑक्टोबर २०२५

दामिनी,

काकांचं पत्र आलं. चार वेळा वाचलं.

शब्द कोशात टाकला. तिथं प्रत्येक शब्दावर मतं पडतात. परदेशातल्या एकानं विरोधी मत दिलं: "कोणाच्या दृष्टीनं कीड" हा पाट कशाला, उगाच लांबण. मी त्याला दोडक्याची गोष्ट सांगितली. त्यानं मत फिरवलं नाही, पण मैनाबाईकाकूंच्या मांडवावर पुन्हा वेल चढला का, म्हणून विचारलं. "लहानपणी काय खाते" हा पाट बरणी लावून तुम्ही पक्का केलात, तेही तिथं लिहिलं आहे.

दोन महिने मी तुमच्या घरी पत्रं लिहिली आणि तुम्हाला जे विचारायचं तेच राहिलं. तुमच्याशी लग्न करावं असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

शिवम

⁂

शेंदूरजनाघाट,
१४ ऑक्टोबर २०२५

शिवम,

विचारलंत, बरं केलंत. पण पत्रातून उत्तर देणार नाही. कागदावर माणूस उघडा पडतो हे बाबांचं मत आहे, माझं नाही. कागदावर मी बाबांच्या आवाजातही लिहिलं आणि माझ्याही, आणि तुम्हाला दोन्ही खरं वाटलं.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी मी अकोल्याला येते. आई सोबत असेल. बाबाही येतो म्हणून हट्ट धरून बसले आहेत, पण त्यांना गावातल्या बागांजवळची गुळवेल उपटायची आहे. आम्ही मुलगा पाहायला येतो आहोत, असं तुमच्या घरी सांगा. कोणी नाक मुरडलं तर त्यांचं नाव विचारून ठेवा.

पोहे तुम्ही करायचे. त्यावर शेव आणि तर्री हवी. मी तुम्हाला चालून दाखवा म्हणणार नाही, गाणं म्हणा म्हणणार नाही. दोनच गोष्टी बोलायच्या आहेत. एक, बागेचा माल, व्यापारी, मजूर सगळं मी पाहते आणि लग्नानंतरही मीच पाहणार. ही बाग मी सोडणार नाही. दोन, तुमचं काम घरी बसून होतं, तर ते घर शेंदूरजन्यात का असू नये? लोक तुम्हाला घरजावई म्हणतील. वर्षभर म्हणतील, मग थकतील. ते तुम्हाला सोसेल का, ते आरशापुढे नाही, तुमच्या आईबाबांपुढे बसून ठरवा.

माझ्या घरी आजवर जितके लोक मला पाहून गेले ते सगळे चहा पिऊन "कळवतो" म्हणत उठले. काहींचं अजून कळायचं आहे. मी तसं करणार नाही. हो असो की नाही, बशी हातात असतानाच सांगीन, तुमच्या तोंडावर, तुमच्या आईसमोर.

पोह्यात मीठ बेतानं.

दामिनी